पावसाचा माग काढणारे पिशारोटी

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचे एक गाव होते. आज ते शहरातच मिसळून गेले आहे. तेथील तळे मात्र अजून आहे. सुमारे नऊशे एकरांचे हे तळे बंगळूरमधील सर्वांत मोठ्या तळ्यांपैकी एक होय. बंगळूर हे काही मोठ्या नदीच्या काठी वसलेले शहर नव्हे. उंच पठारावर पडलेला पाऊस वाहून जाऊ नये, म्हणून पूर्वीच्या लोकांनी उतारांवर बांध घातले आणि तळ्यांच्या माळाच्या माळा तयार केल्या. वरचे तळे भरले की त्याचे पाणी सांडून खालच्या तळ्यात जाई. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरच्या तळ्यात उतरते, तेथून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि तमिळनाडू ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते.

पाणी जाते कोठे, याचे उत्तर असे डोळ्यांनी पाहता येते. ते येते कोठून, याचे उत्तर तितके सोपे नाही. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात आणि ढगांतून पाऊस पडतो, एवढे आपण लहानपणी शिकलेलो असतो. परंतु कोणत्या समुद्रातून किती वाफ निघते, ती कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचते आणि वाटेत तिचे काय होते, असे कोणी खोदून विचारले तर भले भले विचारात पडतात. याच प्रश्नाचा शोध घेणारा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ नावाचा उपग्रह भारत आणि फ्रान्स या दोन देशांनी मिळून तयार केला. बेळ्ळंदूरच्या तळ्यापासून काही किलोमीटर अंतरावर, जुन्या विमानतळ रस्त्यालगत, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे म्हणजे इस्रोचे उपग्रह केंद्र आहे. तेथे त्याची जुळणी झाली. पण हा प्रश्न आपल्या देशात त्याच्या कितीतरी आधी एका माणसाने हाती घेतला होता. त्यांचे नाव पिशारथ राम पिशारोटी.

पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळातील कोल्लंगोड येथे झाला. पालघाटच्या खिंडीजवळचा हा प्रदेश. सह्याद्रीची भिंत तेथे तुटलेली आहे आणि नैर्ऋत्येचा वारा त्या फटीतून थेट आत घुसतो. त्या वाऱ्याने त्यांच्या मनावर लहानपणीच काही संस्कार केला असेल असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु त्यांनी आरंभी निवडलेला विषय हवामानाचा नव्हता. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला, मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात ते अध्यापन करू लागले.

प्राध्यापकाची नोकरी स्थिर होती. उन्हाळ्याची सुटीही लांब असे. ती सुटी पिशारोटी बंगळूरला घालवीत. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. त्यांच्या हाताखाली तरुण पिशारोटी प्रयोग करीत. रामन यांच्या प्रयोगशाळेत महागड्या यंत्रांपेक्षा नेमक्या मोजमापाला अधिक मान होता. पिशारोटी यांच्या पुढील सगळ्या कामात ही मोजण्याची सवय दिसते. ढगांविषयी बोलतानाही ते आकड्यांत बोलत.

१९४२ साली ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. विमानांना हवेची खबर हवी होती आणि खात्याला माणसे हवी होती. त्या खात्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले होते. पुण्यात आजही त्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि तेथून रोज जाणाऱ्या कित्येकांना हे नाव का पडले ते ठाऊक नसते! युद्धानंतर पिशारोटी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात याकोब बियर्कनेस हे नॉर्वेचे थोर हवामानशास्त्रज्ञ शिकवीत होते. त्यांच्याकडे पिशारोटी यांनी पृथ्वीभोवतीच्या वातावरणातील वाऱ्यांच्या ऊर्जेचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळचे हवामानशास्त्र मुख्यतः थंड प्रदेशांत वाढलेले होते. युरोपातील वादळे उष्ण आणि थंड हवेच्या टकरीतून होतात, म्हणून तेथील शास्त्राचे नियमही त्या टकरीवर उभे होते. आपल्याकडे, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या उष्ण पट्ट्यात, हवेच्या तापमानात असे मोठे भेद नसतात. येथे सारा खेळ पाण्याच्या वाफेचा असतो. वाफेचे पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णताच ढगांना वर ढकलते, वाऱ्यांना ओढून आणते. पृथ्वीवरच्या हवेचा मोठा भाग या उष्ण पट्ट्यातील पावसाच्या उष्णतेवर हलतो. तरीही या पट्ट्याचे शास्त्र सर्वांत मागे होते, कारण येथे समुद्र फार आणि वेधशाळा थोड्या.

मायदेशी परतल्यावर पिशारोटी यांच्याकडे मुंबईच्या कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांचे संचालकपद आले. कुलाब्याची वेधशाळा जुनी, १८२६ सालची. मुंबईत विजेवर ट्राम धावू लागणार तेव्हा तिच्या प्रवाहामुळे चुंबकीय सुया थरथरतील, म्हणून चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले होते. त्यानंतर १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्ण प्रदेशांच्या हवामानाचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि पिशारोटी तिचे पहिले संचालक झाले. हीच पुढे १९७१ पासून भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था या नावाने स्वायत्त झाली. आज ती पाषाण भागात आहे.

संस्था सुरू झाली तो काळ मोठा अनुकूल होता. अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी करण्याची मोहीम तेव्हा चालू होती. संशोधन करणारी जहाजे अरबी समुद्रात फिरत होती, विमाने वादळांच्या आसपास घिरट्या घालीत होती आणि मोहिमेचे हवामानविषयक केंद्र कुलाब्यालाच होते. ज्या समुद्रावरून आपला पावसाळा येतो, त्याची इतकी माहिती पूर्वी कधी गोळा झाली नव्हती. पिशारोटी यांनी तिचा उपयोग करून तोच प्रश्न सोडवायला घेतला: आपल्या पावसाचे पाणी कोठले?

त्यांची रीत वाण्याच्या चोपडीसारखी होती. अरबी समुद्राभोवती एक काल्पनिक कुंपण घालायचे. फुग्याला बांधून वर सोडलेल्या यंत्रांवरून निरनिराळ्या उंचीवरील वारा आणि दमटपणा कळतो. वारा किती वेगाने वाहतो आणि त्यात किती वाफ आहे यांचा गुणाकार केला की कुंपणाच्या त्या बाजूने किती वाफ आत आली किंवा बाहेर गेली, हे समजते. दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडून किती वाफ आली ते जमेला धरायचे आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून किती वाफ आत गेली ते खर्चाला. खर्च जमेपेक्षा जास्त निघाला, तर वरची रक्कम अरबी समुद्राने स्वतःच्या पाण्यातून भरली असे मानायचे. १९६३ आणि १९६४ या दोन वर्षांच्या जुलै महिन्यांचा असा हिशेब त्यांनी मांडला. किनारा ओलांडणारी वाफ विषुववृत्त ओलांडणाऱ्या वाफेच्या दुपटीहून अधिक निघाली. तेव्हा आपल्या पावसाचे बरेचसे पाणी दूरच्या दक्षिण गोलार्धातून येत नसून शेजारच्या अरबी समुद्रातूनच उठते, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

हा निष्कर्ष टिकला नाही. विषुववृत्त ओलांडणारा वारा सर्वत्र सारखा वाहत नाही. तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, जमिनीपासून दीड-एक किलोमीटर उंचीवर, एका अरुंद पण फार वेगवान झोतात एकवटलेला असतो. फिंडलेटर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात या झोताचा शोध लावला. त्या भागात नोंदी घेणारी ठाणी तुरळक होती, त्यामुळे जमेच्या बाजूची मोठी रक्कम चोपडीत धरलीच गेली नव्हती. पिशारोटी यांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या संस्थेतील साहा आणि बावडेकर या संशोधकांनी १९७३ मध्ये अधिक माहिती घेऊन हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा पारडे दक्षिण गोलार्धाकडे झुकले. पुढच्या काही अभ्यासांनी तर किनाऱ्यावर येणाऱ्या वाफेचा निम्म्याहून बराच मोठा वाटा तिकडचा ठरवला. अरबी समुद्राचा वाटा त्यामुळे शून्य झाला नाही, परंतु तो पहिला राहिला नाही. आपल्या संस्थेतच आपला हिशेब दुरुस्त होणे हे संस्थापकाला कमीपणाचे वाटावे असे नाही. ज्याने चोपडी घालून दिली, त्याच्याच रीतीने ती तपासली गेली.

मात्र या प्रकरणाने एक अडचण उघडी पडली. समुद्रावर ठाणे उभारता येत नाही. जहाजे आपल्या ठरलेल्या मार्गांनी जातात आणि वादळ दिसले की ते टाळून जातात. म्हणजे जेथे पाऊस तयार होतो, नेमके तेथेच मोजणारे कोणी नसते. ही पोकळी भरून काढायला वरूनच पाहिले पाहिजे. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने ‘टायरॉस’ हा हवामानाचा पहिला उपग्रह सोडला होता आणि ढगांची चित्रे यायला लागली होती. पिशारोटी यांचे लक्ष आता तिकडे लागले.

१९६७ साली ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले. वय अठ्ठावन्न. पुष्कळांच्या चरित्रात येथून पुढे फक्त मानसन्मानांची यादी असते. पिशारोटी यांच्या आयुष्यात मात्र, माझ्या मते, अधिक महत्त्वाचे काम येथून सुरू झाले. डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत बोलावून घेतले. अवकाशातून देशाची शेती, पाणी आणि जंगले पाहता येतील का, हे साराभाईंना आजमावायचे होते. आपल्याजवळ तेव्हा उपग्रह नव्हता. म्हणून सुरुवात झाली ती नारळाच्या बागांपासून.

केरळात नारळाला एक मर रोग लागतो. झाड हळूहळू खंगत जाते आणि बागाईतदाराच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान आजारी पडले की हे प्रमाण घटते, आणि ते पिवळे दिसू लागण्यापूर्वीच घटू शकते. १९७० च्या सुमारास पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. जमिनीवरून धडधाकट वाटणारी काही झाडे त्या चित्रांत आजारी म्हणून ओळखू आली. वस्तूला हात न लावता, तिच्यापासून दूर राहून तिची स्थिती जाणण्याच्या या विद्येला दूरसंवेदन म्हणतात. भारतातला तिचा हा पहिला प्रयोग मानला जातो, आणि म्हणूनच पिशारोटी यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक असे संबोधतात. त्याच वर्षी, १९७० मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली.

३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाई अचानक निधन पावले. काम थांबले नाही. १९७२ मध्ये अहमदाबादला अवकाश उपयोजन केंद्र आकारास आले आणि तेथील दूरसंवेदन व उपग्रह-हवामानशास्त्र या विभागाची धुरा पिशारोटी यांनी १९७५ पर्यंत वाहिली. तेथे तयार झालेल्या तरुणांनी पुढे जे केले त्यात एक गोष्ट विशेष आहे. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रशियातून सोडलेल्या ‘भास्कर’ या भारतीय उपग्रहावर सूक्ष्मलहरी मोजणारे एक उपकरण होते. उपग्रह बांधला बंगळूरला, उपकरण घडले अहमदाबादला. साधा कॅमेरा ढगाचा माथा दाखवतो, पोटातले दाखवत नाही. सूक्ष्मलहरी ढगातून आरपार येतात. समुद्राच्या पृष्ठभागावरून आणि त्यावरच्या हवेतून सतत निघणाऱ्या या मंद लहरी मोजल्या, की मधल्या हवेत किती वाफ आणि किती पाणी आहे याचा अंदाज बांधता येतो. १९६५ च्या चोपडीत ज्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या, त्या भरण्याचे साधन असे हाती येऊ लागले.

उतारवयात पिशारोटी आकाशातून पुन्हा जमिनीवर आले. पाऊस येतो कोठून या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न त्यांना छळू लागला: तो पडतो किती वेळ? वर्षाचे तास ८,७६०. आपल्या देशाच्या बहुतेक भागांत यांतील सुमारे शंभर तासांतच वर्षाचा सारा पाऊस पडून जातो, आणि त्यातला निम्मा तर वीस-तीस तासांत, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. युरोपातला पाऊस वर्षभर थोडा थोडा झिरपत राहतो. तेथील जमीन स्वतःच पाणी साठवते. आपल्याकडे धो धो कोसळणारे पाणी माती घेऊन निघून जाते आणि आठ महिने कोरडे राहतात. तेव्हा ते शंभर तास पकडण्याची सोय हवी, आणि ती केवळ दूरच्या मोठ्या धरणात नव्हे तर गावोगावच्या तळ्यांत हवी, असा आग्रह त्यांनी लेखांतून आणि भाषणांतून धरला. उपग्रहांचे शास्त्र उभे करणाऱ्या माणसाने गावतळ्यांची वकिली करावी याचे काहींना नवल वाटले असेल. हिशेब एकच होता. जमेची बाजू त्यांनी आयुष्यभर तपासली होती, आता ते शिलकीविषयी बोलत होते.

बेळ्ळंदूरचे तळे हे असेच शंभर तास पकडण्यासाठी बांधलेले. शहर वाढले, वरची कित्येक तळी बुजली आणि पावसाच्या नाल्यांतून सांडपाणी वाहू लागले. तळ्यावर साबणासारखा फेस साचू लागला. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षांत तर तळ्यालाच आग लागली. पाण्याला आग लागते हे वाक्य वाचून कोणाला छापण्याची चूक वाटेल, पण ती चूक नाही. तळ्यात साचलेला घातक कचरा, वाळलेल्या जलपर्णी आणि पेट घेणारे वायू यांमुळे हे घडले. न्यायाधिकरणापर्यंत गाऱ्हाणी गेली आणि पुढे गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

पिशारोटी यांनी तो काळ पाहिला नाही. १९८९ मध्ये जागतिक हवामानशास्त्र संघटनेने आपला मानाचा पुरस्कार त्यांना दिला होता. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०११ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘मेघा-ट्रॉपिक्स’ झेपावला. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह उष्ण पट्ट्यातील एखाद्या ठिकाणावरून दिवसातून एक-दोनदाच जातात. तेवढ्यात एखादे वादळी ढगांचे पुंजके जन्मून विरूनही जातात. म्हणून या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी केवळ वीस अंश कलती ठेवली होती. जमिनीपासून ८६७ किलोमीटर उंचीवरून तो उष्ण पट्ट्यावरच फिरत राही आणि एकेका ठिकाणाला दिवसातून अनेकदा भेट देई. त्याच्यावरील एक उपकरण पाऊस आणि ढगांतील पाणी टिपण्यासाठी होते, दुसरे निरनिराळ्या उंचीवरील दमटपणा मोजी आणि तिसरे सूर्याकडून आलेल्या व पृथ्वीने परत पाठवलेल्या उष्णतेचा ताळेबंद ठेवी. पाऊस टिपणारे उपकरण जानेवारी २०१३ मध्ये बिघडले. ही हानी मोठी होती, कारण उपग्रहाच्या मुख्य कामांपैकी ते एक होते. बाकीची उपकरणे चालत राहिली. तीन वर्षांसाठी सोडलेल्या या उपग्रहाने जवळजवळ दहा वर्षे माहिती पाठवली आणि दमटपणाच्या त्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतील हवामान केंद्रांनी आपल्या अंदाजांसाठी वापरल्या.

काम संपलेला उपग्रह तसाच भटकत ठेवला तर इतर उपग्रहांना धोका होतो. त्याच्या टाकीत थोडे इंधन शिल्लक होते. बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातून आज्ञा देऊन त्याला हळूहळू खाली आणण्यात आले. ७ मार्च २०२३ रोजी तो वातावरणात शिरून जळाला, आणि जे काही अवशेष उरले असतील ते प्रशांत महासागरात पडले.